तारेचं कुसळ

इल्होमने धूळ-गाळणीतली फाटकी कापडी पिशवी तिच्या तारेच्या पिंजऱ्यासकट वर ओढली आणि छपराच्या पत्र्यावर आडवी टाकली. सकाळपासून सिमेंटची धूळ वस्तीतल्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या जर्दाळूंवर बसत होती आणि कारखान्याच्या फाटकाशी बायका तक्रार घेऊन जमल्या होत्या.

"आका, ओपा, एवढंच सांगा," इल्होम म्हणाला. तो कारखान्याचा मुख्य मेकॅनिक, पण समोरच्या नवरा-बायकोपेक्षा वयाने पुष्कळ लहान, म्हणून त्यांना दादा-ताई अशी हाक. "शिवण उसवलीय, की तार टोचलीय? मला साहेबांना उत्तर द्यायचंय."

धूळ अडवायच्या पिशव्या मुकद्दस शिवायची. हवेच्या ओढीने त्या चेपू नयेत म्हणून आत बसवायचे तारेचे पिंजरे तिचा नवरा तोख्तासिन वेल्डिंग करून बनवायचा. पिशवी फाटली तर दोघांपैकी एकाचं चुकलेलं असणार, हे उघड होतं.

"शिवणच आहे," मुकद्दस लगेच म्हणाली. "दोरा कच्चा होता. माझंच चुकलं."

तोख्तासिनने वळून बायकोकडे पाहिलं. शोरब्यात मीठ जास्त पडलं तरी मिठालाच दोष देणारी ही बाई. सबंध संसारात आपलं चुकलं असं तिच्या तोंडून त्याने ऐकलं नव्हतं. आणि आज चारचौघांत, कुणी नीट विचारायच्या आत?

तो गुडघ्यांवर बसला. डोळे बारीक करून त्याने पिशवीकडे पाहिलं, पण राखाडी कापडाखेरीज काही दिसलं नाही. मग त्याने बोट फिरवलं. शिवण वरपासून खालपर्यंत शाबूत होती. भोक तिच्यापासून वीतभर बाजूला होतं. त्या भोकातून त्याने बोट आत घातलं. तार जिथे कडीला जोडली होती तिथे धातूचा एक थेंब थिजला होता आणि त्याला कुसळासारखं टोक होतं. बोटातून रक्त आलं.

"तार आहे," तो म्हणाला. "माझी."

"अहो, तुम्ही गप्प बसा बघू."

"कुसळ राहिलंय माझ्या हातून. असं कसं राहिलं?"

शिवणखात्यातली सओदत नव्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन शिडीपाशी उभी होती. तिच्याने राहवलं नाही. "ओपा लेकीकडे पाळण्याला गेल्या होत्या ना, तेव्हाचा असणार हा पिंजरा. बाकीच्या सगळ्यांवर तर त्या..."

मुकद्दसने डोळे वटारले. सओदतने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"बाकीच्या सगळ्यांवर काय?" तोख्तासिनने विचारलं.

शेवटी सओदतच चाचरत म्हणाली, "तुम्ही जेवायला गेलात की त्या नायलॉनचा मोजा हातात घालून एकेका तारेवरून फिरवतात. मोजा अडकला की तिथे कानस मारतात. म्हणजे, फार नाही हो, आका. कुठे कुठे."

रोज संध्याकाळी दस्तरखानाशी जेवायला बसून तोख्तासिन बायकोला सांगायचा, आज इल्होम काय म्हणाला ठाऊक आहे का, आकांचा पिंजरा म्हणजे रेशीम. ती पियाल्यात चहा ओतता ओतता मान डोलवायची. एकदा तर "तुमच्या हाताला तोड नाही" असंही म्हणाली होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"तुमचे डोळे अधू झाल्यापासून."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"दर गुरुवारी पिलाव तुम्ही करता," मुकद्दस म्हणाली. "तांदूळ तुम्ही निवडता. खडे माझ्या दाताखाली येतात."

सओदतने गठ्ठ्याआड तोंड लपवलं. इल्होम उगाच चिमणीकडे बघत राहिला. तोख्तासिनला हसू आलं नाही. त्याचे कान तापले होते. त्याला वाटलं, शिडी उतरावी, फाटकातल्या बायकांमधून वाट काढावी आणि सरळ घरी जावं.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही वेल्डिंगचा चष्मा काढून ठेवला असता. मग दिवसभर घरात माझ्या डोक्यावर बसला असता."

ती हे हसत म्हणाली, पण बोलताना तिने हात अंगरख्याच्या बाह्यांत ओढून घेतले. तोख्तासिनने त्यातला एक बाहेर काढला आणि अगदी डोळ्यांजवळ नेला. बोटांच्या टोकांना बारीक ओरखडे होते, काही जुने, काही ताजे. मग उठला.

"इल्होम, साहेबांना सांग, तार माझी होती. आणि वेल्डिंगला दुसरा माणूस बघ."

"आका, फरगान्याला मोतीबिंदू काढतात हल्ली. आठ दिवसांत परत याल."

"येईन ना. तोवर पिंजरे कोण तपासणार? ही एकटी?"

फाटक्या पिशवीच्या जागी नवी बसली आणि दुपारनंतर धूळ थांबली. जर्दाळू धुवायला बायका घरोघरी परतल्या. शिवणखात्यात तोख्तासिनने एक पिंजरा दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला, मुकद्दसकडून मोजा मागून घेतला आणि कोपरापर्यंत चढवला. यंत्रांवरच्या बायका खुसखुसल्या. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. एका टोकापासून तो तारेवरून हात नेऊ लागला, सावकाश, मान वर करून, कुठेतरी दूर बघत. समोर मुकद्दस कानस घेऊन उभी होती.

मधल्या कडीशी मोजा अडकला. त्याने दुसऱ्या हाताने तिचा हात धरला आणि बरोबर त्या जागी नेऊन ठेवला.

"इथे," तो म्हणाला. "घास."

"घासते," मुकद्दस म्हणाली. "आधी हात तर सोडा. सगळ्या बघताहेत."