राजीनाम्याचा खर्डा

डॉ. पेइरू राजीनामा वाचून दाखवत होती, तोही सहा नंबरच्या खाटेला. दुपारी विभागप्रमुखांपुढे जीभ अडखळू नये म्हणून ही रंगीत तालीम. खाटेवरचे झ्वांग मास्तर न्यूमोनियामुळे अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते, गुंगीच्या औषधाखाली. इतका शांत श्रोता ताइनानच्या त्या अख्ख्या इस्पितळात दुसरा मिळाला नसता.

पत्र मोठं झोकदार होतं. फुफ्फुसांच्या आणि अतिदक्षतेच्या कामात नऊ वर्षं घालवल्यावर आता नवी क्षितिजं, वगैरे. नवी क्षितिजं म्हणजे तैपेईतला मैत्रिणीचा त्वचेचा दवाखाना. तिथे लोक सुरकुत्या घेऊन येतात आणि आपल्या पायांनी घरी जातात.

नेमके त्या दुपारी प्रमुख कुठल्याशा बैठकीला गेले आणि पत्र खिशातच राहिलं. दोन दिवसांनी मास्तरांचा श्वास सुधारला. पेइरूनंच त्यांच्या घशातली नळी काढली. मास्तर खोकले, दोनदा छाती भरून हवा ओढली आणि घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलले.

"तिसरं वाक्य फार लांबलंय, डॉक्टरबाई."

नर्सला वाटलं, म्हातारा भ्रमात आहे. पेइरूचा हात मात्र खिशातल्या पत्रावर गेला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी तिची शिकवणीच सुरू केली. केसपेपरवर व्यवसायापुढे 'निवृत्त शिक्षक' असं होतं. भाषेचे असणार, हे तिनं ओळखलंच. सकाळी माशाची पेज भुरकता भुरकता ते नवा खर्डा मागायचे. चष्मा घरी राहिला म्हणून तिलाच वाचायला लावायचे आणि नापास करायचे. एकदा म्हणाले, शेवट गुळमुळीत आहे. एकदा म्हणाले, ती क्षितिजं आधी काढा, पेज उलटून पडेल. तिनंही काढली. आपण एका रुग्णाच्या हाताखाली निबंध लिहितोय याचं तिला हसू यायचं, पण राउंड संपली की पाय सहा नंबरकडेच वळायचे.

पाचव्या खर्ड्याला मास्तर एवढंच म्हणाले की यात खरं वाक्य एकही नाही. तेव्हा मात्र ती चिडली. उभ्याउभ्याच कागदाच्या पाठीवर तिनं एक ओळ खरडली आणि वाचली. "ऑक्टोबरमध्ये मी एका बाईला सांगितलं, उद्या तुमच्या नवऱ्याची नळी काढू. तो त्याआधीच गेला. तेव्हापासून मला 'उद्या' म्हणायची भीती वाटते."

 मास्तरांनी वाडगा बाजूला ठेवला.

"हे जमलंय. पण अक्षर फार गचाळ आहे. पुन्हा लिहून आणा."

चष्म्याशिवाय त्यांना अक्षर कसं दिसलं, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

ते लिहिणं राहूनच गेलं. तीन नंबरला कालवं विकणारी एक बाई धापा टाकत आली होती. तिलाही नळी घालावी लागली आणि चार दिवस पेइरू तिच्याभोवतीच होती. पाचव्या दिवशी बाईचा नवरा दाराशी टोपी चुरगळत उभा दिसला, तेव्हा पेइरूच्या तोंडून सहज निघून गेलं, उद्या नळी काढू. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी नळी काढली. बाईनं डोळे उघडल्या उघडल्या नवऱ्याला विचारलं, कालवं कुणाच्या भरवशावर टाकून आलात.

मास्तरांना घरी सोडायच्या दिवशी त्यांची मुलगी यीचेन सामान आवरायला आली. मास्तर फडताळाशी चपला शोधत होते. पेइरू तिला म्हणाली, शाळेत भाषेला असे शिक्षक मिळाले असते तर माझं अक्षर तरी सुधारलं असतं.

यीचेननं हातातली पिशवी खाली ठेवली.

"भाषेला? बाबा तर पोहायला शिकवायचे. पोर रडत काठाकडे निघालं की म्हणायचे, जा की घरी, कोण अडवतंय, फक्त आधी एकदा हात नीट मारून दाखव."