मोर्णेकाठचा नारळीभात

अकोल्याला मोर्णेच्या काठी, आंब्याखाली बैलांच्या दमण्या सोडल्या आणि मनकर्णाने तीन दगड मांडून चूल पेटवली. वलगाव अजून लांब होते. खुशालरावाने वाटेतच सांगितले होते, "घरी पोचाच्या आधी मले एकदा तुह्या हातचा नारळीभात खाऊ घाल. अलिबागेत शिकली तो."

ती हसली होती. गेला महिनाभर ती हसतच होती.

त्या साली अमेरिकेत लढाई पेटली होती आणि वऱ्हाडातला कापूस विलायतेला चालला होता. ज्याच्या त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदी चढली होती. खुशालराव मात्र बायकोला घेऊन समुद्र पाहायला निघाला. वलगावात असे कोणी केले नव्हते. आगगाडीचे रूळ आले होते तिथवर दमणी, पुढे गाडी, मुंबईहून कापसाच्या दलालाने दिलेला मचवा. वसई, उत्तन, अलिबाग, शेवटी घारापुरीचे बेट. जागोजागी खायचे, प्यायचे आणि पुढे जायचे.

निघण्याआधी सासूने, दुर्गाबाईने, ओसरीवर सगळ्यांदेखत विषय काढला होता. घरात पाळणा हलत नव्हता. भातकुलीची एक पोरगी तिने पाहून ठेवली होती. "तू फक्त हो म्हन, बाकीचं मी पाह्यतो," ती लेकाला म्हणाली. खुशालराव हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. "आधी दर्या पाहून येऊ दे," एवढेच बोलला.

मनकर्णाने ते वाक्य धरून ठेवले. सवत यायची की नाही ते या प्रवासात ठरणार, असे तिने मनाशी पक्के केले. म्हणून तो देईल ते तिने खाल्ले. भूक नसली तरी खाल्ले.

वसईला त्याने दलालाकडच्या दोन बाटल्या उघडल्या. फिरंगी, द्राक्षाच्या. एकाच पेल्यातून दोघे प्याले.

"कोनती बरी?"

"हे घशाले लागते. थे दुसरी बरी."

त्याने दुसरीची पेटीच घेतली. बायकोच्या उष्ट्या पेल्याला तोंड लावणारा माणूस दुसरी कशाला करील, असे तिला वाटले.

उत्तनला ताजा सरंगा तव्यावरून थेट पानात आला. "हा वलगावपर्यंत टिकन काय?" खुशालरावाने विचारले. कोळीण पदर तोंडाला लावून हसली. त्यानंतर त्याने माशांची चौकशी सोडली. कोकम घेतले, बारीक तांदूळ घेतला, नारळाच्या गोण्या भरल्या. कुठेही जेवायला बसले की तो दोन घास खाई आणि तिच्या तोंडाकडे पाहत राही. अलिबागेला ज्या भंडारणीकडे उतरले होते ती शेवटी बोललीच.

"नशीब काढलंस गो बाय. आमचा दादला हंडी चाटून पुसून खातो, पन तुला कसं लागलं म्हनून कदी इचारीत नाय."

मनकर्णा लाजली. त्या लाजेतच तिने नारळाचा रस कसा काढायचा, गूळ केव्हा घालायचा, लवंग किती फुलू द्यायची ते सगळे शिकून घेतले. घारापुरीला तर ती आपणहून म्हणाली, "अजून एखादं बेट पाहू ना."

"अकितीच्या आत पोचाले पाह्यजे," तो म्हणाला.

अकितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतावरचे वर्षाचे गडी, सालदार ठरवायचे असतात. तिला ते पटले.

आता भात उतरला. गुळाचा आणि लवंगेचा वास आंब्याखाली पसरला. गाडीवान नदीवर बैलांना पाणी दाखवत होते. तिने पळसाच्या पत्रावळीवर भात वाढला आणि समोर बसली. खुशालरावाने एक घास घेतला, सावकाश चावला, मग दुसरा घेतला.

"जमला," तो म्हणाला. "अलिबागेपरस बरा."

तिला धीर आला. महिनाभर जे ओठांवर येऊन परत जात होते ते तिने बोलून टाकले.

"मंग भातकुलीले काय निरोप धाडता?"

"निरोप? तो तं निघाच्या आधीच धाडला. अकितीचा मुहूर्त हाय." त्याने बोटे चाटली. "आता सांग, हाच भात पाचशे पानांले जमन काय?"

मनकर्णाने चुलीतले लाकूड मागे ओढले. मागच्या दमणीत गोण्या रचल्या होत्या. तांदूळ, नारळ, कोकम, वर बाटल्यांची पेटी. एवढे घरात वर्षभर खाऊनही सरले नसते. येताना तिने त्याच गोण्यांना टेकून झोप काढली होती.

"हे सारं त्याच्यासाठी होतं?"

"मंग कायच्यासाठी? वऱ्हाडात कोनी घातलं नसन असं जेवन घालाचं हाय. अमरावतीचे सायेब येतीन, दलाल येतीन. मायले तं मीठ कमी का जास्त तेवढं बी समजत नाही. आपल्या घरात तुह्यासारखी जीभ कोनाची हाय? म्हनून तं तुले संग नेली." त्याच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. पेरणीचे बोलावे तसा तो बोलत होता. "रांधन तुह्याच हाती राहीन. तुहा मान काई कमी होत नाही."

त्याने पत्रावळ पुढे सरकवली. तिने आणखी भात वाढला.

"तिले काय आवडते?" मनकर्णाने विचारले.

खुशालरावाचा हात पानावर थांबला. त्याला खरोखरच कळले नव्हते.

"कोनाले?" तो म्हणाला.