कानाखालची कबुली

रविवारी दुपारी निवृत्त फौजदार आणि त्यांची वकील मुलगी खुनांच्या तपासाची जुनी टीव्ही मालिका पुन्हा बघायला बसले. एकेकाळी तिचा एकही भाग फौजदारांनी चुकवला नव्हता.

पाच मिनिटांतच मुलीचं तोंड सुरू झालं. "बघा, पठ्ठ्याने सुरा उघड्या हाताने उचलला! आता प्रेताशेजारी उभा राहून सिगारेट फुंकतोय. आणि जिचा नवरा मेलाय, तिलाच चहा टाकायला सांगतोय. बाबा, हा तुमचा हुशार इन्स्पेक्टर?"

"तेव्हा आम्हाला तो देव वाटायचा गं," वडील हसून म्हणाले.

पडद्यावर इन्स्पेक्टरने घरगड्याच्या कानाखाली दोन लगावल्या. गड्याने हात जोडले. "मीच मारलं, साहेब."

"झालं! ना पुरावा, ना वकील. दोन थोबाडीत दिल्या की खुनी तयार! शेंबडं पोरसुद्धा यावर विश्वास ठेवणार नाही. कुठल्या दीडशहाण्याने लिहिलाय हा पांचटपणा?"

वडिलांचं हसू मावळलं. "एवढं एक त्याने खरं लिहिलंय."

"म्हणजे?"

"माझी पहिलीच खुनाची केस होती. वरून घाई चालली होती. मी एका स्वयंपाक्याला असंच कबूल करायला लावलं. कोर्टानेही मानलं. सहा वर्षांनी तो तुरुंगातच वारला."

 मुलीने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

"राहू दे," वडील म्हणाले. "यात पुढे खरा खुनी सापडतो."