लाल-पांढरा खांब, एक

रस्त्याची लांबी नऊ किलोमीटर. सिग्नल शून्य, गतिरोधक शून्य. डावीकडे फुटणाऱ्या गल्ल्या दोन, उजवीकडे एकही नाही. खड्डे तीन, तिन्ही कडेला. कुत्री दोन, बांधलेली. चढ एकसारखा, शंभर मीटरला दोन मीटर. चौथ्या किलोमीटरला बंगल्यांची वसाहत आणि तिथे रस्त्याकडेला लाल-पांढरा खांब, एक.

ताईने हे सगळं आदल्या दिवशी दुपारी स्कूटरवरून पाहून ठेवलं होतं. त्याआधी गावाभोवतीचे बाकीचे रस्ते तिने बाद केले होते. कुठे ट्रक, कुठे शाळा, कुठे पावलापावलावर गतिरोधक. एवढं निरखून लोक घरसुद्धा घेत नाहीत, असं आई म्हणाली. पण धाकटीला वीस मिनिटं जीव खाऊन सायकल मारायची होती, आणि मध्ये कुणी आडवं येऊन चालणार नव्हतं. पेडलमधला मापक वीस मिनिटांची सरासरी ताकद सांगणार. ती दोनशे वीस वॅटच्या वर गेली तर धाकटी सायकलिंगच्या संघात, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. चाक थांबलं की चाचणी बाद. आकडा आज दुपारी बाराच्या आत पाठवायचा होता, आणि एकदा पाय असे पिळून काढल्यावर त्याच दिवशी पुन्हा तो जोर येत नाही.

सकाळी सातला धाकटी निघाली. ताई स्कूटरवर मागे. धाकटीची पाठ जराही हलत नव्हती, फक्त पाय फिरत होते. रस्ता सापडला, असं ताई मनातल्या मनात दोनदा म्हणाली.

नवव्या मिनिटाला वळण संपलं आणि समोर तो खांब दिसला. तो रस्त्यावर आडवा होता.

ताई स्कूटर दामटून पुढे गेली. वॉचमनने खुर्चीतूनच सांगितलं की सहा ते नऊ रस्ता बंद असतो, वसाहतीतली मंडळी फिरायला निघतात. नऊनंतर दांडा वर करून ठेवतात. म्हणजे काल दुपारी ताईने खांब म्हणून जो मोजला, तो फाटकाचा वर केलेला दांडा होता. तिचे कान तापले. रस्ता पालिकेचा आहे ना, असं तिने विचारलं. असेल, वॉचमन म्हणाला, पण पगार मला सोसायटी देते.

तेवढ्यात धाकटी येऊन पोचली. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण होतं. तिने पाय जमिनीला लावला नाही. फाटकासमोर रस्ता थोडा रुंद होता, तिथे ती गोल फिरायला लागली.

आतून ट्रॅकसूट घातलेले एक काका आले. सोसायटीचे सचिव. ताईने त्यांना घाईघाईत सगळं समजावलं: चाचणी, वीस मिनिटं, थांबायचं नाही, फक्त एकदा दांडा वर करा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बैठकीत ठराव झाल्याचं सांगितलं. म्हातारी माणसं फिरत असतात, सायकलचा धक्का लागला तर जबाबदार कोण, असंही विचारलं. नऊनंतर या, असा सल्ला दिला, आणि व्यायाम चांगला आहे, आमच्या नातवालाही सांगतो, असं कौतुकही केलं.

ते बोलत असतानाच मागून हॉर्न वाजला. वॉचमन खुर्चीतून ताडकन उठला. दांडा वर गेला, एक लांबलचक मोटार वेगात आत शिरली, आणि धाकटी गोल पुरा करून तिथवर येईपर्यंत दांडा पुन्हा खाली आला.

"काका, ही गाडी आत गेली ती?" ताईने विचारलं. "तिचा धक्का लागत नाही का कुणाला?"

"अगं बाळ," काका म्हणाले, "ती आपली आहे."

ताई पुढे बरंच बोलली. पालिका, तक्रार, वर्तमानपत्र, जे तोंडाला येईल ते. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, एखाद्या नातेवाइकाचं दुखणं ऐकावं तशी. बोलता बोलता ताईच्या नाकाला जळक्या रबराचा वास आला. तिने वळून पाहिलं.

एवढ्याशा जागेत गोल फिरताना पेडलवर जोर लावायचा तर वेग वाढतो आणि सायकल कुंपणात जाते. जोर लावला नाही तर आकडा पडतो. म्हणून धाकटीने मागचा ब्रेक आवळून धरला होता आणि स्वतःच्याच ब्रेकच्या विरुद्ध ती पेडल मारत होती. चेहरा लालबुंद झाला होता, दात ओठात रुतले होते. सायकल माणसाच्या चालीने फिरत होती. फिरायला निघालेली दोन-चार माणसं दांड्यापलीकडे थांबून बघत होती. त्यातल्या एका बाईंनी वॉचमनला विचारलं, हिला झालंय काय.

ताईने बोलणं बंद केलं. ती रस्त्याच्या मधोमध, गोलाच्या आत जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने उरलेली मिनिटं सांगू लागली. सहा. पाच. चार. काका म्हणाले, जरा हळू, लोक झोपलेत. तीन, ताई आणखी मोठ्याने म्हणाली.

वेळ संपली तेव्हा धाकटी सायकलसकट कुंपणाला टेकली. मापकाचा हँडलवरचा पडदा तिने ताईकडे वळवला.

पहिल्या नऊ मिनिटांची सरासरी, दोनशे एकतीस वॅट. पूर्ण वीस मिनिटांची, दोनशे चौदा.