बटणं तपासायची फेरी

वर्षानुवर्षं तिकीट मशीनवर नाचलेली कंडक्टरबाईंची बोटं टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेतही सगळ्यांआधी योग्य बटणांवर पडली. पडद्यावर आपला नंबर झळकताच त्या आनंदाने ढसाढसा रडत उठल्या आणि जिंकणाऱ्यासाठी ठेवलेल्या मधल्या खुर्चीकडे धावल्या. “ताई, बसा खाली. ही तर नुसती बटणं तपासायची फेरी होती,” सेटवरचा मदतनीस म्हणाला, आणि अख्खा स्टुडिओ खदाखदा हसला. खऱ्या फेरीत बोट चुकीच्या बटणावर पडलं आणि शेजारी बसलेल्या पोरीने बाजी मारली. बाईंनी तिच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम लागला तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं. ती पोरगी जिंकली आणि पाठोपाठ बाई ढसाढसा रडताना दिसल्या. “दुसऱ्याचं बरं झालेलं एवढं खुपतं?” सासूबाईंनी विचारलं. “अहो, खरंच, ते आधीचं आनंदाचं रडणं इथे चिकटवलंय!” बाई कळवळून म्हणाल्या. लेक उठली. “आई, उद्यापासून मला शाळेत सोडायला येऊ नकोस.”