चाखलेलं पाणी

"समुद्र रद्द," बसच्या दारात उभं राहून विश्वजीतनं जाहीर केलं. शेंद्र्याच्या कारखान्यातला हा सुपरवायझर सहलीलाही शिट्टी गळ्यात घालूनच आला होता. "रस्ता अरुंद आहे, बस पुढं जात नाही. चालत अडीच किलोमीटर. सकाळी रायगडावर दोन तास गेले नसते तर जमलं असतं."

ते दोन तास कुणामुळं गेले, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. पण सगळ्या माना राजाबाईकडं वळल्या. बाकीचे रोपवेनं गडावर गेले आणि ही सत्तरीची बाई काठी टेकत पायऱ्या चढली. राजाच्या राजधानीत तारंला लटकून जायचं नाय, म्हणाली. तिची वाट बघत सगळे वर ताटकळले होते.

"आई, आता गप बस," त्याच कारखान्यात कामाला असलेला तिचा मुलगा राम कुजबुजला. ती तोवर एक अक्षरही बोलली नव्हती.

राजाबाई उठली. "काल आपल्या क्रांती चौकातून निघाले ते गड आन् समुद्र बघायला. गड झाला. समुद्र ऱ्हायला."

"मावशी, पुढच्या वर्षी नक्की नेतो," विश्वजीत म्हणाला.

"पुढच्या वर्षाचं तू बघ. माझे पाय आज चालतेत."

त्याला बाजूला सारून ती खाली उतरली आणि चालू लागली. रामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र मागं वळून बघेना. जन्मभर राखलेली मेंढरं विकून दहा वर्षं झाली होती, तरी आपण निघालो की कळप मागून येतोच, हे तिच्या पायांना पक्कं ठाऊक होतं.

आधी सून सत्यशीला उतरली. "आत्याबाई, थांबा की," म्हणत तिनं पदर खोचला. मग आणखी दोघीतिघी. विश्वजीतनं शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्या शिट्टीपर्यंत बस रिकामी झाली होती. मान खाली घालून रामही निघाला.

नारळीच्या वाड्या संपल्या, सुरूची झाडं संपली आणि समोर नुसतं पाणी दिसलं. माणसं आरडत पळत सुटली.

"थांबा."

पाणवठ्यावर कळपापुढं धरायची तशी राजाबाईनं काठी आडवी धरली. सगळे जागच्या जागी थांबले. मागून धापा टाकत विश्वजीत आला, तोही काठीच्या अलीकडंच थांबला.

"नवं पाणी हाय. चाखल्याबिगर कुणी उतरायचं नाय."

ती एकटीच पुढं गेली. वाकून ओंजळ भरली, तोंडात घेतलं आणि लगेच थुंकून टाकलं. मग बराच वेळ ती त्या पाण्याकडं बघत उभी राहिली.

"लई खारट हाय. पिऊ नका," ती वळून म्हणाली आणि काठी खाली केली. "खेळा."