सगळं सेटिंग करून दिलंय

माउसला हातही न लावता पडद्यावरचा बाण सरकला. त्याने शलाकाच्या नव्या नोकरीचं पत्र उघडलं आणि पत्त्यापाशी येऊन थांबला. शलाकाने घाबरून मावसबहिणीला फोन लावला.

"लॅपटॉप कुणी दिला तुला?" ताईने विचारलं.

"ह्यांनीच. मी घर सोडलं तेव्हा म्हणाले, सगळं सेटिंग करून दिलंय, खुशाल घेऊन जा."

ताई सांगेल तसं शलाकाने कमांडच्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर जपून टाइप केलं. दुरून लॅपटॉप चालवणारं सॉफ्टवेअर सापडलं. तिने ते काढून टाकलं.

"गेली ब्याद," म्हणत ताईने फोन ठेवला. तरी कॅमेऱ्याचा तो बारीक डोळा शलाकाला खुपतच होता. तिने कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

ती चहा ठेवायला उठणार, तोच काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटू लागलं. एकेक अक्षर, सावकाश.

"टिकली कपाळावरच शोभते तुला."